मागे मोकळं

१

तराफ्यावर चढायच्या आधी तराफेवाल्याने एकच गोष्ट शिकवली, तीही तोंडातलं च्युइंगगम न थांबवता.

“मी ‘मागे?’ म्हणून ओरडलो की सगळ्यांनी डोकी खाली घालायची. मागे कोणी उभं नसलं तर ‘मोकळं’ म्हणायचं. मोकळं ऐकल्याशिवाय मी दांडा उचलत नाही. दांड्याचं पुढचं टोक मला दिसतं, मागचं दिसत नाही. आणि माणूस जातो तो मागच्या टोकाने.”

“म्हणजे गाडीला आरसा नाही,” काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

“आरसा तुम्ही,” तराफेवाला म्हणाला. तो हसला नाही.

मोकळं म्हणायचं काम भिंगरीने मागून घेतलं. भिंगरी म्हणजे ताईची लेक. निळा फ्रॉक, दोन शेंड्या, एका जागी बसणं ठाऊक नाही, म्हणून भिंगरी. एवढी सत्ता आजवर तिच्या हातात कोणी दिली नव्हती. तराफेवाल्याने “मागे?” म्हणायचा अवकाश, ती आईच्या मांडीवरून उठायची, पोलिसासारखी सगळ्या तराफ्यावर नजर फिरवायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायची, “मोकळं!” मग लांबलचक दांडा निथळत वर यायचा, सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरायचा आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात उतरायचा. तराफा जरा वळायचा. पुन्हा शांत.

तराफा म्हणजे काय, तर जाड बांबू काथ्याने शेजारी शेजारी आवळलेले, मध्ये एक बाकडं. बाकड्यावर बाबा आणि काका. त्यांच्या मागे, खाली बांबूंवरच, ताई, भिंगरी आणि ताईचा भाऊ धाकटा, ताईच्या काळ्या छत्रीच्या सावलीत. सगळ्यांत पुढे तराफेवाला, उभा. बांबूंच्या फटींतून पाणी वर यायचं, बुडं भिजवून परत जायचं. कडेला एक जादा दांडा आडवा ठेवला होता, हौशी माणसाला वल्हवून बघता यावं म्हणून.

आई आली नव्हती. तिला पाण्याची भीती वाटते, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. तिला कशाची भीती वाटते ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

२

सहल बाबांनी काढली होती. बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, म्हणजे शाळेतून, घरातून नाही. रस्त्यात टक्कल पडलेली माणसं स्कूटर थांबवून सांगायची, “सर, तुमच्या छडीमुळे घडलो.” या घडलेल्यांपैकी एक जण लाच खाताना पकडला गेला होता आणि एकाने बायकोला जिन्यावरून ढकललं होतं. पण ते श्रेय बाबांना द्यायची कोणाची छाती नव्हती.

घरात सध्या दोन दुखणी होती, आणि एका सहलीत दोन्ही बरी करायची असा बाबांचा बेत होता.

पहिलं दुखणं धाकटा. त्याने शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. भर वर्गात प्राध्यापकाने एका पोराच्या कानाखाली जाळ काढला आणि धाकट्याने खुर्ची उचलली. मारली नाही. नुसती डोक्यावर धरून उभा राहिला. हात थरथरायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की अशी धरलेली वस्तू आपण घरी पाहिली आहे. बाबा अगदी अशीच धरतात: डावा हात वर, उजवा खाली, कोपरं बाहेर. खुर्ची ठेवून तो जो बाहेर पडला तो परत गेला नाही. लोकांना वाटलं, काढून टाकलं. त्याला कोणी काढलं नव्हतं. तो स्वतःच्या हातांना घाबरला होता, आणि ही गोष्ट त्या घरात सांगण्यासारखी नव्हती.

दुसरं दुखणं ताई. ती भिंगरीला घेऊन नवऱ्याचं घर सोडून आली होती. डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं, एवढा एकच पुरावा तिच्याकडे, आणि बाबांच्या मते तोही न्हाणीघरात पाय घसरल्याचा.

“काय रे, आठवतं का?” काकांनी बाकड्यावरून मान वळवून धाकट्याला विचारलं. “तुला अंगणातल्या खांबाला बांधला होता ते?”

“लाल मुंग्या!” बाबा म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना.

“लाल मुंग्या! आणि हा आपला नाचतोय! हात बांधलेले, नाचणार कसा, तर नुसत्या पायांनी!” काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “आणि आम्हाला काय कमी होतं? आबांनी मला विहिरीवर उलटा धरला होता, पायाला धरून. काय बिघडलं माझं?”

काकांचं काय बिघडलं होतं ते काकूला विचारायला हवं होतं, पण तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. मार हा त्या घराचा फोटोंचा अल्बम होता. चार माणसं जमली की काढायचा, आणि प्रत्येकाने आपलं पान दाखवून हसायचं. न हसणारा आगाऊ.

“आजोबा, तुम्ही मामाला मुंग्या लावल्या?” भिंगरीने विचारलं.

“लावल्या. म्हणून तर तो शहाणा झाला.”

“पण मामा कुठे शहाणा आहे?”

यावर सगळेच हसले. ताईसुद्धा. धाकटाही हसला, कारण हे भिंगरी म्हणाली होती. तिला अजून या घरात कोणी हात लावला नव्हता. धाकट्याला आयुष्यात दुसरं काही जमो न जमो, ते तसंच ठेवायचं होतं.

३

ऊन चढलं. दोन्ही काठांवर झाडी दाटली. चतुर दांड्यावर येऊन बसायचे आणि दांडा हलला की उडायचे. काकांनी थर्मास उघडला, बिस्किटं फिरवली. इतकी निवांत सकाळ त्या कुटुंबाच्या वाट्याला कैक दिवसांत आली नसेल.

“मागे?” तराफेवाला ओरडला.

भिंगरीच्या तोंडात दोन बिस्किटं होती. गाल फुगवून तिने बोट वर केलं: थांबा.

“मोकळं!”

आवाज पुढून आला. समोरच्या वळणापलीकडून. बारीक, खणखणीत, बेंबीच्या देठापासून.

तराफेवाल्याने अर्धा उचललेला दांडा तसाच धरला. त्याच्या जबड्याची हालचाल सकाळपासून पहिल्यांदा थांबली.

“पुढे कोणी आहे का?” धाकट्याने विचारलं.

“नाही. आज पहिला तराफा आपला. आणि एक दिसेनासा झाल्याशिवाय दुसरा सोडत नाहीत. लोकांना नदी एकट्याची लागते.”

“मग ओरडलं कोण?”

“आवाज फिरतो. दोन्हीकडे चढ आहे.”

“अहो, पण ही ओरडलीच नाही.”

तराफेवाल्याने भिंगरीच्या फुगलेल्या गालांकडे बघितलं. “मगाचचा असेल,” तो म्हणाला. “रेंगाळून आला असेल.”

भिंगरीने घाईघाईने बिस्किटं गिळली. तिचा अपमान झाला होता. “मी म्हटलंच नव्हतं! माझ्याआधी कोण म्हणालं?” तिने कमरेवर हात ठेवून वळणाकडे बघितलं आणि दुप्पट जोरात ओरडली, “मोकळं!”

या वेळी काही परत आलं नाही. आवाज फिरायचा असता तर आत्ता फिरला असता. धाकट्याने हे मनात नोंदवलं आणि मग स्वतःलाच सुनावलं, की उन्हात आपलं डोकं भाजलंय. काठावर एखादं पोर असेल. गुरं घेऊन आलं असेल. रोज तराफे बघतं, रोज हाक ऐकतं, देत असेल उत्तर. यात काय आहे?

४

वळण संपलं आणि नदी सरळ झाली. लांबच लांब पट्टा, पाणी इतकं संथ की वाहतंय की नाही कळू नये. पट्ट्याच्या पार टोकाला एक वठलेलं झाड पाण्यावर ओणवं झालेलं. साल गळून पांढरंफटक, हाडासारखं. झाडाखाली एक तराफा होता.

“हा काय, आहे की!” काका म्हणाले. “म्हणे पहिला आपला!”

धाकटा उठून पुढे गेला, तराफेवाल्याशेजारी उभा राहिला आणि डोळ्यांवर हाताची झापड धरली. ऊन पाण्यावर आपटून डोळ्यांत घुसत होतं. तरी दिसत होतं. असाच तराफा. मध्ये बाकडं, त्यावर कोणी बसलेलं. मागे काळी छत्री. छत्रीची एक काडी मोडली होती आणि तिथलं कापड तुटक्या पंखासारखं लोंबत होतं. त्याने वळून ताईच्या छत्रीकडे बघितलं. ती धडधाकट होती. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं का वाटावं ते कळेना.

मग त्या तराफ्यावर एक उघड्या डोक्याचा माणूस उभा राहिला. त्याच्या हातात दांडा होता. त्याने तो डोक्यावर उचलला आणि बाकड्यावरच्या माणसावर रोखून धरला.

“अरे, मारामारी चाललीय तिथे!” काका खूश झाले. “बघा, बघा. कोणीतरी कोणाला तरी बडवणार.”

“बाप असणार,” बाबा डोळे बारीक करून म्हणाले. “पोराने तोंड चालवलं असेल.”

दांडा धरायची पद्धत धाकट्याच्या ओळखीची होती. डावा हात वर, उजवा खाली, कोपरं बाहेर. जगात अशा हातांनी मारणारा एकच माणूस त्याला माहीत होता, आणि तो आत्ता मागे बाकड्यावर पांढरी टोपी घालून चहा पीत होता.

त्या माणसाच्या मागे, पाण्याच्या कडेला, काहीतरी पिवळं पडलं. पिवळं होतं, तराफ्यावर होतं, मग नव्हतं. आवाज इतक्या लांब आला नाही. पुढच्या टोकाच्या माणसाने पाण्यात उडी घेतली. छत्री उडाली. दांडेवाला वळला, या तराफ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागला.

“मागे?” तराफेवाला ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता.

“मोकळं!” भिंगरी त्या माणसालाच ऐकवत असल्यासारखी किंचाळली.

दांडा डोळ्यांसमोरून गेला. तेवढ्यात झाडाखाली काही उरलं नाही. पुढचं वळण झाडापासून बरंच लांब होतं. तराफा तिथवर पोचायला वेळ लागला असता. तो पोचला नव्हता, तो नव्हताच.

५

“हात करून बोलावत होते आपल्याला,” बाबा म्हणाले. “काहीतरी झालंय तिथे. चल, लवकर घे.”

“बोलावत नव्हता,” धाकटा म्हणाला. “परत जा म्हणत होता.”

“तुला लांबून ऐकू आलं?”

“हातांवरून कळतं.”

“तुला हातांवरून कळतं, आणि गणितात मात्र पस्तीसच्या वर कधी काही कळलं नाही,” बाबा म्हणाले. काका खो-खो हसले.

तराफेवाल्याने दांडा तळाला टेकवून तराफा जवळजवळ थांबवला होता. तो झाडाकडे बघत नव्हता, आपल्या पायांकडे बघत होता.

“आम्ही पुढच्या तराफ्याला गाठत नाही,” तो म्हणाला.

“का?”

“नाही गाठत.”

“अरे, का म्हणून विचारतोय मी!”

“मलाही कोणी सांगितलेलं नाही, साहेब. दिसला तर थांबायचं. पुन्हा दिसेनासा झाला तरी थांबायचं. मागून दुसरा येईपर्यंत थांबायचं.”

बाबा उभे राहिले. तीस वर्षं वर्गाचं दार उघडताना ते जसे उभे राहायचे, तसे. त्यांनी हात लांब करून पांढऱ्या झाडाकडे बोट दाखवलं. “ते झाड दिसतंय? मला तिथे जायचंय. खालच्या घाटावर माणूस येऊन ताटकळलाय आमचा. तुझ्या मालकाचा नंबर आहे माझ्याकडे. लावू का?”

तराफेवाल्याने खांदे उडवले. च्युइंगगम थुंकून टाकलं. “तुमची मर्जी,” म्हणाला आणि दांड्यावर ओणवा झाला. तराफ्याने वेग घेतला.

“कोण ताटकळलंय?” ताईने विचारलं.

६

बाबांनी गॉगल काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“जावईबापू येतायत. दुपारचं जेवण एकत्र करू. मग तुम्ही तिघं तिकडूनच घरी जा. तुझ्या बॅगा काकाने गाडीत टाकल्यात.”

ताईने छत्री उजव्या हातात घट्ट धरली. डावा हात तिने भिंगरीच्या पोटाभोवती घेतला, ते वाकडं मनगट आतल्या बाजूला लपवून.

“ती जाणार नाही,” धाकटा मागे ताईपाशी येऊन बसत म्हणाला.

“तुला विचारलं नाही.”

“तिलाही नाही विचारलं. त्याने हात मोडलाय तिचा, बाबा. आता पुढच्या वेळी पोरीचा मोडेल. मग सांगा लोकांना, न्हाणीघर फार घसरडं आहे म्हणून.”

“बापासमोर जीभ चालवतोस?” काका ओरडले. ताईच्या हातातून छत्री ओढून घेतली, मिटली आणि धाकट्याच्या पाठीत, खांद्यावर, पुन्हा पाठीत हाणली. बसल्या जागेवरून, सरावाने, फार राग न येता. “लाज नाही! शिक्षण नाही! कमाई नाही! आणि अक्कल शिकवतोय!”

दर शब्दाला एक. तराफा डुलायला लागला. एका बाजूचे बांबू पाण्याखाली गेले, पाणी आत चढलं, ताईच्या मांडीवरून भिंगरी घरंगळली आणि शेंड्यांसकट चिंब भिजली. ती हसायला लागली. तिला वाटलं, हाही खेळ.

धाकट्याने हात वर केला नाही. मुठी मांडीखाली दाबून बसून राहिला. मार खाण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. काका दमले, आणि छत्री ताईकडे फेकत म्हणाले, “घे. उघड. ऊन लागतंय.”

ताईने छत्री उघडली. एक काडी मोडली होती. तिथलं कापड तुटक्या पंखासारखं खाली लोंबलं.

७

धाकट्याने समोर बघितलं. झाड जवळ आलं होतं. आता त्याच्या फांद्या वेगळ्या मोजता आल्या असत्या.

छत्र्या काय, मोडतातच. सगळ्या छत्र्या काळ्या असतात आणि सगळ्यांच्या काड्या मोडतात. पाठीत मारली की हमखास. असं तो स्वतःला समजावत होता आणि समजावताना ताईचा हात पिशवीत जाताना बघत होता.

ताईने टॉवेल काढला. पिवळा.

“तो नको,” धाकटा म्हणाला.

“काय?”

“दुसरा दे तिला. दुसरं काहीही.”

“दुसरं कुठून आणू? बॅगा गाडीत आहेत, ऐकलंस ना?” तिचा आवाज फुटला. रडायचं ते तिने असं काढून घेतलं. भिंगरीला टॉवेलात गुंडाळून तिने गळ्याशी गाठ मारली. निळा फ्रॉक पुरता झाकला गेला. भिंगरी दोन्ही हात पसरून पिवळ्या पक्ष्यासारखी उभी राहिली.

धाकटा गुडघ्यांवर बाकड्यापर्यंत गेला.

“बाबा, थांबू या जरा. मी पाया पडतो तुमच्या. इथेच कडेला थांबू. मी कॉलेजला परत जातो. तुम्ही म्हणाल ते करतो. आत्ता फक्त थांबवा.”

बाबांनी त्याच्याकडे खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं. इतकी वर्षं वाट बघून मिळालेलं. “बघ,” ते काकांना म्हणाले, “पाण्यात आणलं की सगळे सरळ होतात.” आणि तराफेवाल्याला, “चल, चल. हात चालव.”

मग धाकट्याने एकच गोष्ट केली. मागे येऊन तो त्या जादा दांड्यावर बसला. त्याचा हिशेब सरळ होता. उभा राहिलेला माणूस बाबाच असणार. ते हात बाबांचे होते. टोपी पडली असेल. बाबांच्या हातात दांडा आला नाही तर पुढचं काही होणार नाही. झाड मागे पडेपर्यंत हा दांडा बुडाखालून हलू द्यायचा नाही.

असं त्याने अगदी विचार करून ठरवलं.

८

“मागे?”

“मोकळं!” पिवळी भिंगरी ओरडली. दांडा डोक्यावरून गेला. तिला आता नादच लागला होता. ती बाकड्याला वळसा घालून आजोबांच्या समोर गेली. “मोकळं! मोकळं! आजोबा, मोकळं!”

“पुरे.”

“मोकळं!”

“पुरे म्हटलं ना! घाटावर बाबा येणारेत तुझे. त्यांच्यासमोर असा दंगा करशील?”

भिंगरी थांबली. शेंड्यांमधून पाणी गळत होतं. “बाबा येणारेत?” तिने विचारलं. मग ती रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “मी नाही जाणार. बाबा आईला मारतात. तुम्ही मामाला मारता. मी इथेच राहीन, तराफ्यावर.”

बाबांचा हात फटकन निघाला. ती काही फार मोठी थप्पड नव्हती. शाळेत असल्या थपडा ते मोजतसुद्धा नसत. पण भिंगरीचं डोकं गर्रकन फिरलं, ओठ दातावर आपटून फुटला, आणि ती आजोबांकडे बघत राहिली. कोणीतरी भाषा बदलली आणि आपल्याला सांगितलं नाही, असं बघत.

त्या दोन श्वासांत तराफ्यावर कोणीच हललं नाही. ताईसुद्धा नाही. ताईला ही थप्पड माहीत होती. ती खाल्ली की हलायचं नसतं, हे तिच्या हाडात होतं.

धाकटा उठला. बाकड्यापाशी गेला, भिंगरीला उचललं, मागे आणलं आणि शेवटच्या बांबूंवर, आपल्या पाठीशी, उभी केली. “माझ्या मागे राहा,” तो म्हणाला. “आता तुला कोणी काही करणार नाही. मी आहे.”

तिने मान हलवली. तिच्या हनुवटीवरून एक लाल थेंब टॉवेलावर पडला.

तो वळला तेव्हा बाबाही बाकड्यावर वळून बसले होते. “ये,” बाबा म्हणाले. “काय करतोस बघू.”

पांढऱ्या झाडाची सावली तराफ्यावर सरकत आली. धाकट्याला ती दिसली नाही. त्याला खांब दिसत होता, मुंग्या दिसत होत्या, आईच्या कपाळावरची खोक दिसत होती, फुटलेला ओठ दिसत होता, आणि या सगळ्याच्या मध्ये तो एक चेहरा. दांडा हातात कधी आला ते त्याला आठवत नाही. तो उचलताना मात्र फार बरं वाटलं. आजवर कुठल्याच गोष्टीने इतकं बरं वाटलं नव्हतं. डावा हात वर. उजवा खाली. कोपरं बाहेर.

बाबा घाबरले नाहीत. वर बघून हसले. “मार,” म्हणाले. “शेवटी माझाच ना.”

धाकट्याने दांडा मागे खेचला, अंगातला सगळा जोर एकवटण्यासाठी, खूप मागे.

तळहातांना काहीतरी जाणवलं. अगदी हलकं. दांड्याला तळ लागल्यावर जाणवतं तेवढंच.

९

दांडा वरच राहिला.

बाबांचं हसू होतं तिथेच होतं, पण ते आता धाकट्याकडे बघत नव्हते. काकाही नाही. सगळ्यांत पुढे उभा असलेला तराफेवाला त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, आणि मग त्याने हातातला दांडा टाकला आणि पाण्यात उडी घेतली. छत्री उडाली. ताईच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसतं तोंड उघडं होतं.

धाकट्याला मान वळवता येईना. मान वळवली नाही तर अजून काही झालेलं नाही, असं काहीतरी त्याला वाटत होतं.

“मागे?” त्याने विचारलं. एवढ्याशा आवाजात. विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नव्हतं, ते आता विचारलं.

पाठीमागून काही उत्तर आलं नाही. फटींतून पाणी वर आलं, परत गेलं.

आणि मग फार लांबून, पट्ट्याच्या त्या टोकाकडून, बारीक, खणखणीत, बेंबीच्या देठापासून:

“मोकळं!”

तो वळला. पायांपाशी, शेवटच्या बांबूंवर, कोणी नव्हतं. पाण्यावर एक वर्तुळ मोठं होत होतं. तराफेवाला वर आला, श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. हात रिकामे.

वर्तुळाच्या पलीकडे, सगळं सरळ पाणी ओलांडून, वळणातून एक तराफा नुकताच बाहेर आला होता. धडधाकट काळी छत्री. बाकड्यावर दोन माणसं. पुढच्या टोकाला डोळ्यांवर हाताची झापड धरून उभा असलेला एक पोरगा. आणि मागे, छत्रीशेजारी, एक एवढासा निळा ठिपका, एका जागी न ठरणारा.

पाण्यात उडी मारायला धाकट्याचा पाय पुढे झाला होता. तो पाय त्याने मागे घेतला. खाली हिरवं, गढूळ, थंड पाणी होतं. तिकडे ती अजून उभी होती.

त्याने दांडा टाकला, दोन्ही हात वर केले आणि हलवायला लागला. मागे व्हा. थांबा. परत जा. घसा फाटेपर्यंत ओरडला, पण आवाज पाण्यावरच कुठेतरी पडून राहत होता. पोरगा नुसता बघत होता. त्या पोराला कळलंय हे धाकट्याला ठाऊक होतं. त्याचं कोणी ऐकणार नाही, हेही ठाऊक होतं.

तरी तो हात हलवत राहिला.

तिकडच्या बाकड्यावरून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उठून उभा राहिला. वर्गाचं दार उघडल्यासारखा. हात लांब करून त्याने पांढऱ्या झाडाकडे बोट दाखवलं. पुढचा माणूस थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग दांड्यावर ओणवा झाला, आणि तराफा जोरात येऊ लागला.